पुढे चालणारी माणसे

इसवी सन १४७० च्या सुमारास एक रशियन व्यापारी भर पावसाळ्यात जुन्नरला येऊन थांबला होता. त्वेर गावचा हा माणूस, नाव अफानासी निकितिन. चौलला गलबतातून उतरून, पालीवरून घाट चढून तो इथवर आला, आणि विकायला बरोबर एक घोडा होता. आपल्या टिपणांत त्याने लिहून ठेवले आहे की हे शहर खडकावर वसलेले आहे, तो खडक माणसाने घडवलेला नाही, आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद आहे की दोन माणसे शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. पुढे त्याने आणखी एक गोष्ट टिपली. इथल्या खानाकडे चांगले हत्ती आणि घोडे भरपूर आहेत, तरी तो माणसांच्या खांद्यांवरून फिरतो.

हा खान म्हणजे बहमनी सुलतानाच्या पदरचा असदखान. त्याने निकितिनचा घोडा काढून घेतला, आणि धर्म बदलशील तर घोडा आणि वर १,००० मोहरा देईन अशी अट घातली. खुरासानच्या एका सरदाराने मध्ये पडून ते संकट टाळले. त्यानंतर निकितिन बीदरला गेला, आणि तिथल्या मिरवणुका पाहून त्याने मोजदादच मांडली. अमीर निघाले की त्यांना चांदीच्या पलंगावरून वाहून नेतात. पलंगापुढे सोन्याच्या साजाचे वीस-वीस घोडे नुसते हाताने धरून चालवतात. मागून ३०० घोडेस्वार, ५०० पायदळ, १० कर्णेवाले, १० नगारेवाले आणि १० सनईवाले. सुलतानाची स्वारी तर याहून मोठी, आणि तिच्या पुढे एक माणूस छत्री खेळवत, नाचत पायी चालतो.

ही नोंद मला फार मोलाची वाटते. बहुतेक बखरी आणि तवारिखा पालखीत बसलेल्याबद्दल बोलतात. निकितिन परका होता, म्हणून त्याला पालखीपुढचा माणूस दिसला.

या पुढच्या माणसाला आपण भालदार म्हणतो, चोपदार म्हणतो. फारसीत चोब म्हणजे लाकूड, काठी, आणि ती धरणारा तो चोबदार. मराठीत त्याचा चोपदार झाला. पण हे काम काही फारसी शब्दाबरोबर आलेले नाही. संस्कृत नाटकांत प्रतिहारी आहे, हातात वेताची छडी घेतलेला वेत्रधर आहे. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकातला म्हातारा कंचुकी आपल्या काठीबद्दल बोलतो. तरुणपणी अधिकाराची खूण म्हणून हाती घेतलेली ती काठी आता चालताना आधाराला लागते आहे. राजवाडे बदलले, भाषा बदलल्या, काठी तशीच राहिली.

जुन्नरला तर दरबार प्रत्यक्ष होता. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्ता झुगारून निजामशाही उभी केली, तेव्हा त्याची पहिली राजधानी जुन्नरच होती. अहमदनगर शहर त्यानंतरचे. म्हणजे आज जिथे टोमॅटोचे क्रेट भरलेले टेंपो नारायणगावच्या बाजाराकडे धावतात, त्या मुलखात एकेकाळी स्वारीपुढे ललकारी उठत असे, आणि वाटेतली माणसे बाजूला सरून माना खाली घालत असत.

त्या काठीची खरी कामे तीन होती. वाट मोकळी करणे हे पहिले. कोण येत आहे ते मोठ्याने सांगणे हे दुसरे, आणि भेटीला आलेल्याला रीतीप्रमाणे आत नेऊन उभे करणे हे तिसरे. भालदार-चोपदाराला स्वतःचा हुकूम नसतो. त्याच्या हातातला दंड चांदीने मढवलेला असला तरी अधिकार मागून येणाऱ्याचा असतो. मागून कोणी येत नसेल तर पुढचा माणूस म्हणजे रस्त्यावरचा एक वाटसरू. मराठी मुलखात पुढे या उसन्या अधिकाराचे काय काय झाले, ते फार विलक्षण आहे.

६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली राजचिन्हे त्याने पाहिली. मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या, आणि भाल्याच्या टोकाला लटकवलेला सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या लगामांचे दोन देखणे घोडे उभे होते. तराजू न्यायाचा. मासा हे माही-मरातबातले चिन्ह, दख्खनच्या आणि मोगलांच्या दरबारांत चालत आलेले. दाराशी उभ्या केलेल्या त्या सजवलेल्या घोड्यांवर स्वार नव्हते, हे इथे लक्षात ठेवावे. अशा घोड्याला कोतल म्हणत, आणि बोलीत त्याचा कोतवाल घोडा झाला. बीदरला निकितिनने मोजलेले वीस घोडे याच जातीचे. या घोड्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

महाराजांचा जन्म ज्या शिवनेरीवर झाला, तिथे दरवर्षी १९ फेब्रुवारीला शासकीय सोहळा होतो. जन्मस्थानी पाळणा हलवतात, पोलिसांचे पथक मानवंदना देते. आणि त्या दिवशी आसपासच्या गावांतून ज्योत न्यायला आलेली पोरे गडावर ठिकठिकाणी गारद देतात. एक जण पुढे होतो, छाती भरून श्वास घेतो आणि महाराजांची बिरुदे एकेक करून आभाळात सोडतो. गडपती, भूपती, प्रजापती. यातले ‘क्षत्रियकुलावतंस’ हे बिरुद खुद्द महाराजांच्या राज्याभिषेकानंतरच्या पत्रांत आढळते. गारद देणे हे अस्सल चोपदाराचे काम आहे. आता ते कुणा नेमलेल्या सेवकाचे राहिलेले नाही. कॉलेजात जाणारा, डेअरीला दूध घालून आलेला कुठलाही मुलगा ते करतो, आणि स्वारी येण्याची वाट न पाहता करतो. मला यात उणे काही दिसत नाही. ज्याच्या नावाने ललकारी उठते तो समोर नसतानाही ती ऐकून अंगावर काटा येतो, ही त्या नावाची थोरवी आहे.

पुढे चालणारा माणूस फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इथून हजारो कोस दूर, फिनलंडमध्ये अशाच माणसाला ‘आयरुत’ म्हणतात. हा शब्द फिनिश भाषेने प्राचीन काळी जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतला. गॉथिक भाषेतला ‘आयरुस’ म्हणजे निरोप्या, दूत. आज फिनलंडमध्ये ध्वजाची मिरवणूक निघते तेव्हा मधे ध्वजधारी आणि दोन बाजूंना दोन आयरुत चालतात, खांद्यावरून तिरकी रंगीत फीत घातलेले. विद्यापीठाच्या पदवीदान सोहळ्यात पाहुण्यांना जागेवर नेणारे, मिरवणूक रांगेत लावणारे विद्यार्थीही आयरुतच. तिथला हा सोहळा जुना आहे. तुर्कू इथल्या अकादमीची स्थापना १६४० मध्ये झाली आणि पहिले पदवीदान १६४३ मध्ये. १८२७ च्या मोठ्या आगीत तुर्कू जळाले, त्यानंतर विद्यापीठ हेलसिंकीला गेले. डॉक्टरेट मिळवणाऱ्याला तिथे उंच टोपी आणि तलवार देतात, आणि या सगळ्यांच्या आगेमागे आयरुत असतात. बर्फ वितळू लागला की उगवणाऱ्या पहिल्या फुलाला किंवा परतणाऱ्या चंडोल पक्ष्यालाही फिनिश माणूस वसंताचा आयरुत म्हणतो.

आपल्या विद्यापीठांतही दीक्षांत मिरवणुकीच्या अग्रभागी दंड असतो. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार चालतो. लोकसभेत अध्यक्ष येत असल्याची वर्दी मार्शल देतो. ही सगळी ठिकाणे मानाची आणि नोंदीतली आहेत. पण जुन्नर-आंबेगावकडच्या गावगाड्यात पुढे चालण्याची जी रीत होती, तिची नोंद कमी आहे, आणि तिच्यावर मला अधिक बोलायचे आहे.

आधी त्यातली दुखरी बाजू. गावाच्या वेशीवर वेसकर असे. त्याच्या हातातही काठी, बहुधा घुंगरू लावलेली. सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्यापुढे धावायचे, त्याला पुढच्या गावची वाट दाखवायची, त्याचे ओझे वाहायचे, वसुलाच्या थैलीबरोबर कसब्यापर्यंत जायचे, कुणी मेले तर परगावच्या नातलगांना सांगावा पोचवायचा. हे काम महार समाजाकडे वतन म्हणून होते आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. काठीचा आकार चोपदाराच्या काठीसारखाच, पण दरबारातल्या काठीला चांदी आणि वेशीवरच्या काठीला शिळी भाकरी, असा तो हिशेब होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ही वतने म्हणजे मान नसून वेठ आहे, हे त्यांचे म्हणणे होते. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. पुढे चालण्याला मान म्हणायचे की वेठ, हे त्या माणसाला नाही म्हणता येते का यावर ठरते, आणि या विषयावर लिहिणाऱ्याने ही कसोटी हातची सोडू नये.

लग्नातल्या पुढे चालणाऱ्यांकडे वळले की मन हलके होते. इथे माणूस नात्याने पुढे होतो. वरधावा ही त्यातली सर्वांत देखणी रीत. वऱ्हाड गावाच्या जवळ आले की वराकडचा एक जण, पूर्वी घोड्यावरून, वऱ्हाडाच्या पुढे दौडत मुलीच्या गावात शिरायचा आणि वऱ्हाड आले म्हणून वर्दी द्यायचा. वधूकडचे लोक त्याचा मान करायचे, मग सीमांतपूजनाची तयारी लगबगीने व्हायची. करवली असते ती वराची बहीण, हातात करा घेऊन भावाची सोबत करणारी. नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जाते, म्हणजे परक्या घरात पहिल्या दिवसांत तिला एक ओळखीचा चेहरा मिळतो. आणि सणाला लेकीला माहेरी आणायला जातो तो मुऱ्हाळी, बहुतेक वेळा तिचा भाऊ. नागपंचमीला झोक्यावर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण ज्याची वाट पाहते, तो हाच. सासरच्या उंबऱ्यावर मुऱ्हाळी दिसला की त्या घरात तिची बाजू घेणारे कोणीतरी आले, एवढे त्याच्या येण्याचे वजन असे. त्याच्या हातात काठी नसते, एखादी पिशवी असते. तरी कुठल्याही चोपदारापेक्षा त्याचे येणे मला मोठे वाटते.

जत्रांतही हे चालतेच. खंडोबाची पालखी निघते तेव्हा अब्दागिरी कुणी धरायची, चवरी कुणी ढाळायची, दिवटी कुणाच्या हाती, शिंग कुणी फुंकायचे, मानाची काठी कुठल्या वाड्यातून निघायची, हे गावोगाव ठरलेले असते. आंबेगाव तालुक्यातले धामणी आणि जुन्नर तालुक्यातले वडज ही या भागातली खंडोबाची मोठी ठाणी. जत्रेबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही येतात. या भागातल्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते, आणि तिच्यावरचा स्वार बैलांना दिशा देत त्यांच्याही पुढे राहतो. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

आता त्या काठीची सर्वांत मोठी गोष्ट सांगतो, ती वारीतली.

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा ज्ञानेश्वरादी भावंडांबरोबर परतत असताना इथे थांबला आणि इथेच त्याचा देह पडला, अशी श्रद्धा आहे. ओतूरला मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकाराम महाराजांनी ज्यांना आपले गुरू म्हटले ते हे. त्यामुळे आळंदी आणि देहू या दोन्ही वाटांशी या मुलखाचे नाते जवळचे आहे.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकर यांनी, १८३२ च्या सुमारास. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. लष्करी शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती, आणि त्यांनी ती जशीच्या तशी भक्तीच्या कामाला लावली. दिंड्यांना क्रम दिला. रथापुढे कुणी चालायचे आणि रथामागे कुणी, ते ठरवले. तळ हलण्याआधी तीनदा कर्णा वाजतो. आवरा, रांगेत या, निघा. अंकलीच्या शितोळे सरदारांनी तंबू आणि घोडे दिले. आजही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून दोन अश्व सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात लाखो डोळे ज्या मोकळ्या पाठीच्या घोड्याकडे लागलेले असतात, तो घोडा म्हणजे दरबारी मिरवणुकीतला कोतवाल घोडाच. अमिराच्या पलंगापुढे तो संपत्ती दाखवायला चालत होता. इथे त्याच्या पाठीवर माउली बसलेले आहेत असे मानून लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

आणि या सोहळ्याला चोपदार आहेत. रिंगण लावणे, दिंड्या मार्गी लावणे, गर्दीतून वाट काढणे ही त्यांची कामे. पण त्यांचे खरे तेज दिसते ते संध्याकाळी, समाजआरतीला. पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. शेकडो टाळ आणि मृदंग एकाच वेळी घुमत असतात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार पुढे येतो, हातातला दंड उंच करतो आणि ‘होऽऽ’ अशी एक लांब हाळी देतो.

क्षणात सगळे थांबते.

लाखाच्या आसपासचा समाज एका माणसाच्या उंचावलेल्या हातावर गप्प होतो. पोलीस नाहीत, शिट्ट्या नाहीत. ज्याने ते प्रत्यक्ष अनुभवले नाही त्याला सांगून पटत नाही. पण त्या शांततेत जे घडते ते शांततेपेक्षाही मोठे आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळाले नाही, जागेवरून वाद झाला, कुणी क्रम मोडला, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे सामसूम आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतच आहेत. मग चोपदार त्या आवाजाकडे जातो, तक्रार ऐकून घेतो आणि ती सोहळ्याच्या मानकऱ्यांपुढे येते. तिचा निकाल लागला की टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि मगच आरती होते. तक्रार बाकी असताना देवाची आरती होत नाही.

दरबारातला चोपदार काठी उगारायचा ती लोकांनी बाजूला व्हावे म्हणून. धन्याच्या वाटेत कुणी येऊ नये, कुणाचा आवाज त्याच्या कानी पडू नये, याची ती तजवीज होती. वारीतल्या चोपदाराने तीच काठी, तोच पोशाख, तीच हाळी उचलली आणि काम उलटे केले. सगळ्यांना गप्प करायचे ते एकाचे ऐकू यावे म्हणून. उंचावलेल्या काठीखाली टाळ वाजवत राहण्याचा हक्क साध्यातल्या साध्या दिंडीला आहे, आणि काठीवाल्यालाच चालत तिच्यापाशी जावे लागते. जगात मिरवणुका पुष्कळ आहेत, त्यांच्यापुढे चालणारी देखणी माणसेही पुष्कळ. मिरवणुकीचा अग्रदूतच गाऱ्हाणे ऐकणारा झाला, अशी दुसरी रीत माझ्या तरी वाचनात नाही. हैबतबाबांच्या नावाची पायरी आळंदीच्या मंदिरात आहे आणि कार्तिकी सोहळ्याची सुरुवात तिच्या पूजनाने होते. त्या पायरीवर डोके ठेवताना मला त्यांची भक्ती आठवते, तशी ही व्यवस्थाही आठवते.

जुन्नर आणि आंबेगावच्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावच्या पालखीपुढे अब्दागिरी, दिवटी, शिंग आणि काठी कुणाच्या घराकडे आहे, ते कधीपासून आहे, वरधावा म्हणून शेवटचे घोड्यावरून कोण गेले, वेसकराची काठी कुणाच्या हाती होती आणि ती त्यांनी कधी खाली ठेवली, हे गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारून एका वहीत लिहून घ्या. मानाच्या गोष्टी लिहा, तशा वेठीच्याही लिहा. देवळाच्या जमाखर्चाशेजारी ती वही ठेवा. आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखीने आळंदीहून प्रस्थान ठेवले की वाटेतल्या एखाद्या तळावर संध्याकाळी जाऊन समाजआरतीला उभे राहा.